फॉर्मवरचा मोबाइल नंबर कुणाचा?

(प्रवेश, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाचे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सगळ्या केंद्रचालकांना खुले पत्र)

मित्रांनो, नमस्कार.

सांगोल्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक झेरॉक्स, लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर बोर्ड : ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. असाच बोर्ड तुमच्याही दुकानावर असणार. कुणाचं महा ई-सेवा केंद्र, कुणाचं सीएससी, कुणाचं नुसतंच झेरॉक्स सेंटर. गिऱ्हाइकाला त्यातला फरक कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. त्यांच्या लेखी आपण सगळे ‘नेटवाले’.

खरं तर मी हे पत्र सरकारला लिहायला घेतलं होतं. दोन पानं लिहूनही झाली. साइट चालत नाही, तारखा आयत्या वेळी बदलतात, हेल्पलाइनचा फोन उचलत नाहीत, हे सगळं त्यात होतं आणि खोटं काहीच नव्हतं. रात्री परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, की फॉर्म भरणारा माणूस त्या दोन पानांत कुठं दिसतच नाही. साइट बंद पडते तेवढंच काय ते वाईट, बाकी आपण करतो ते सगळं बरोबर, असा त्याचा सूर होता. ती पानं बाजूला ठेवली. सरकारला लिहिणारे पुष्कळ आहेत, आपल्याला कोण लिहिणार?

तर माझी चूक आधी सांगतो.

२०२३ साली एका मुलीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. बाप डाळिंबवाला, त्या वर्षी बागेवर तेल्या पडलेला. मी तिचा राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला. तेव्हा त्या योजनेत निम्मी शिकवणी फी मिळायची, म्हणजे तिच्या कॉलेजच्या हिशोबानं चाळीस हजारांच्या आसपास. तिच्या घरी एकच स्मार्टफोन, तोही भावाकडे आणि भाऊ चाकणला कंपनीत. म्हणून महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या साइटवरच्या, प्रोफाइलवर मी माझा नंबर टाकला. पासवर्ड माझ्या वहीत. प्रिंट तिच्या हातात. ती खूश, मीही खूश.

फेब्रुवारीत कॉलेजच्या क्लार्कनं अर्ज परत पाठवला. उत्पन्नाच्या दाखल्याचं स्कॅन अस्पष्ट होतं, म्हणजे माझ्याच स्कॅनरचं काम. त्याचं काही चुकलं नाही, असा अर्ज परत पाठवायलाच हवा. त्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. त्याच आठवड्यात माझ्या फोनवर असे दीडशे-दोनशे मेसेज आले असतील, कारण दीडशे-दोनशे पोरांच्या फॉर्मवर माझाच नंबर होता. मी तो मेसेज उघडलाच नाही. जूनमध्ये ती आली आणि दारात उभी राहून म्हणाली, “काका, बाकीच्यांचे पैसे आले, माझे का नाही?” लॉगिन केलं तर अर्ज विद्यार्थ्याकडे प्रलंबित आणि मुदत संपलेली. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. नवा दाखलासुद्धा काढावा लागणार नव्हता, तोच नीट स्कॅन करायचा होता.

बापानं फी दोन हप्त्यांत भरली, कुठून ते मी विचारलं नाही. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. उलट तिचा बाप पुढच्याच महिन्यात पीक विम्याचा फॉर्म भरायला माझ्याकडेच आला. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर मी वही उघडून मोजलं. त्या एका हंगामात भरलेल्या फॉर्मपैकी १४२ फॉर्मवर माझा नंबर होता. ईमेल तर एकच, दुकानाचा. पासवर्डही जवळजवळ एकच, फक्त शेवटचे आकडे बदललेले. तुमच्या वहीत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आपण असं का करतो, तेही प्रामाणिकपणे बोलू. जून-जुलैत बाहेर तीस पोरं उभी असतात. एकाचा फोन घरी राहिला, एकाचा रिचार्ज संपला, एकाच्या आधारला जोडलेला नंबर आजोबांचा आणि आजोबा शेतात. आपला नंबर टाकला की ओटीपी समोरच येतो आणि दहा मिनिटांत फॉर्म उरकतो. गर्दीत दहा मिनिटं म्हणजे पैसे. शिवाय, हे जरा हळू बोलायचं, नंबर आपला असला की पोरगं पुढच्या प्रत्येक पायरीला आपल्याच दारात येतं. काही जण हे जाणूनबुजून करतात. मी जाणूनबुजून करत नव्हतो असं म्हणायला मला आवडेल, पण फायदा तर होतच होता.

आणि पायऱ्या किती आहेत पाहा. बारावी सायन्सच्या पोरानं आधी सीईटीचा अर्ज भरायचा. निकाल लागला की कॅपसाठी, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, वेगळी नोंदणी. मग कागदपत्रांची तपासणी, ऑनलाइन (ई-स्क्रुटिनी) नाहीतर केंद्रावर जाऊन. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी. मग ऑप्शन फॉर्म. मग पहिल्या फेरीचं वाटप, सीट स्वीकारायचे पैसे, कॉलेजात जाऊन हजेरी. इथं प्रवेश होतो, पण पैशाची बाजू इथून सुरू होते : महाडीबीटी, बँक, आधार सीडिंग (सरकारी पैशासाठी बँक खातं आधारला जोडणं), कर्ज काढायचं तर विद्यालक्ष्मी पोर्टल. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दिली असेल तर ऑल इंडिया कोट्याची साइट अजून वेगळी. आपण वर्षानुवर्षं हेच करतो म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. सतरा वर्षांच्या पोराला ते आयुष्यात एकदाच करायचंय आणि त्याच्या घरात याआधी कुणीच केलेलं नाही.

२०२५ पासून तर अकरावीसुद्धा राज्यभर ऑनलाइन झाली. आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती असल्या शहरांपुरतंच होतं, आपल्याकडे कॉलेजात जाऊन कागद भरला की झालं. २१ मे २०२५ ला नोंदणी सुरू व्हायची होती, पहिल्याच दिवशी साइट बसली आणि सगळं २६ मेवर गेलं. तेव्हा आपल्या दुकानांत काय परिस्थिती होती ते वेगळं सांगायला नको. १०० रुपये फी, दहा पसंतीक्रम. गावात एकच ज्युनिअर कॉलेज असलेल्या पोराला दहा कॉलेजं कुठून आणायची, हे विचारणारे पालक माझ्याकडे आले होते. एकच टाकलं तरी चालतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. काही ठिकाणी आपल्यातल्याच लोकांनी दहाच्या दहा रकाने भरून दिले, फॉर्म अर्धवट दिसू नये म्हणून. मग तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नंबर लागलेली पोरं रडत आली.

आता ऑप्शन फॉर्मकडे येतो, कारण आपण सगळ्यात जास्त नुकसान तिथं करतो.

इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. पोराला हे ऐकूनच घाम फुटतो आणि मग आपण तयार यादी काढतो. गेल्या वर्षी कुण्या हुशार पोरानं बनवलेली, पेन ड्राइव्हमध्ये पडलेली. ८७ परसेंटाइलवाल्याला आणि ६२ वाल्यालाही तीच यादी, फक्त वरची पाच-दहा नावं खाली-वर. काही शहरांत यादीचे पाच-दहा हजार घेणारे सल्लागार बसलेत, त्यांचंही वेगळं काही नसतं, फक्त एसी असतो.

यादीतल्या क्रमाची किंमत आता वाढली आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. २०२५-२६ मध्ये तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर सीट आपोआप फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं मिळालं तर फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं मिळालं तर फ्रीझ. फ्रीझ झालेली सीट घ्यायचीच. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून पोरगं बाहेर. म्हणजे वरची सहा नावं पोराला खरोखर हवी असलेलीच पाहिजेत आणि हव्या त्याच क्रमानं पाहिजेत. ‘टाकून तर ठेवू, बघू नंतर’ म्हणून पहिल्या नंबरवर काहीतरी टाकायचे दिवस गेले. बेटरमेंट (मिळालेली सीट हातात ठेवून पुढच्या फेरीत यादीतल्या वरच्या कॉलेजसाठी थांबणं) म्हणजे काय, हे मला चार पालकांना रोज समजवावं लागतं, आणि समजावताना माझ्या लक्षात येतं की आपल्यातल्याच निम्म्या लोकांना ते नीट माहीत नाही. सूचना पुस्तिका मराठीतही शंभर पानांची असते आणि ती कोण वाचतं? आपण तरी वाचावी. त्याचे पैसे घेतो आपण.

दुसरं, टीएफडब्ल्यूएस. शिकवणी फी माफ असलेल्या या जागा प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर पाच टक्के जादा असतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी, आणि मिळतात निव्वळ मेरिटवर. पण त्या आपोआप मिळत नाहीत. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ लागलेला, आणि तो ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतंत्रपणे भरावा लागतो. फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएससाठी ‘होय’ म्हटलं आणि यादीत एकही ‘टी’वाला कोड नाही, असे फॉर्म मी स्वतः पाहिलेत. दुसऱ्या केंद्रात भरलेले होते असं म्हणून मी सुटलो असतो, पण त्यातले दोन माझ्या दुकानातलेच होते.

तिसरी गोष्ट, कॉलेजची फी. पोरं फी विचारतात आणि आपण ‘असेल लाखभर’ म्हणून मोकळे होतो. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार दिलेली असते. त्याला ना लॉगिन लागतं ना ओटीपी. दोन मिनिटांचं काम. यादी करायच्या आधी ते पान पोराला उघडून द्या, बापाला शेजारी बसवा. माझ्या दुकानात यामुळे यादीतला क्रम बदललेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. एकाच शहरातल्या एकाच शाखेच्या दोन कॉलेजांत केवढा फरक असतो, ते बघून पालक गप्पच होतात. गेल्या वर्षीचे कट-ऑफ तर सीईटी कक्षाच्या साइटवर पीडीएफमध्ये पडलेलेच असतात. पोरांना ते वाचता येतात हो. आपण समजतो त्यापेक्षा पोरं हुशार आहेत, फक्त खुर्चीवर आपण बसलेलो असतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट खास. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. आधी पन्नास टक्के होती. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला हे लागू नाही, खासगी विद्यापीठांना आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. आता होतं काय, की कॅपची पहिली फेरी लागायच्या आधीच या विद्यापीठांचे एजंट गावात येतात, ‘सीट बुक करा, नंतर मिळणार नाही’ म्हणतात आणि मुलीचा बाप माफीच्या भरवशावर दहा हजार भरून बसतो. त्या एजंटांची कार्डं आपल्याच काउंटरवर ठेवलेली असतात. प्रत्येक ॲडमिशनमागं काही मिळतं म्हणून. मी कुणाचं नाव घेत नाही. माझ्या काउंटरवरही एक गठ्ठा होता. ठेवू द्या ज्याला ठेवायचा त्याला, पण ‘तिथं माफी मिळणार नाही’ एवढं एक वाक्य तरी बोला.

पैसे भरण्याबद्दल. ‘पैसे कट झाले, पावती आली नाही’ हे आपल्याकडचं रोजचं वाक्य. अशा वेळी आपण पोराला म्हणतो, परत भर. परत भरायची गरज बहुतेक वेळा नसते. आधी व्यवहार क्रमांक लिहून घ्या, साइटवरची पेमेंटची स्थिती तपासा, तासाभरानं परत पाहा. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे : यूपीआयनं किंवा कार्डनं ऑनलाइन पैसे भरले, खात्यातून गेले पण समोरच्याला पोचल्याचं कळलं नाही, तर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं १०० रुपये भरपाई द्यायची. सांगोल्यात हे किती जणांनी मागितलं असेल, तर माझ्या माहितीत एकानं. तो रेल्वेत नोकरीला होता.

आता त्याहून नाजूक गोष्ट. पोराकडे ऑनलाइन भरायला पैसे नसतात, ते आपल्याला रोख देतं आणि आपण आपल्या यूपीआयवरून भरतो. पाचशे-हजार रुपयांना ठीक आहे. पण नीटच्या ऑल इंडिया समुपदेशनात अनामत भरावी लागते. सरकारी कॉलेजांच्या ऑल इंडिया कोट्यासाठी खुल्या वर्गाला १० हजार, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ५ हजार, आणि अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख. ती परत येते, पण ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात. म्हणजे आपल्या खात्यात. कित्येक महिन्यांनी, काही न सांगता. बँकेच्या पासबुकात एक ओळ. ती ओळ कुठल्या पोराची, हे आपल्याला आठवतं का? आणि आठवलं तरी? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकानं आपल्या पासबुकाला विचारावं. अनामत पोराच्या किंवा त्याच्या आईबापाच्या खात्यातूनच भरायची, नेट बँकिंग नसेल तर एक दिवस आधी सुरू करून घ्यायला सांगायचं. इथं मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

शिष्यवृत्ती अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र फॉर्म नव्हे, बँक. ‘आधार लिंक आहे का?’ असं आपण विचारतो, पोरगं ‘हो’ म्हणतं. दोघंही चुकलेले. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, केवायसी झाली, म्हणजे सीडिंग झालं असं नाही. सरकारी पैसे आधार क्रमांकावर येतात, आणि एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते, जी शेवटी जोडली ती. पोरानं मध्येच सिमकार्ड घेताना अंगठा लावला आणि त्याचं कुठल्यातरी पेमेंट्स बँकेत खातं उघडलं, की पैसे तिकडे. ते खातं आहे हेच त्याला माहीत नसतं. फॉर्मवर आपण स्टेट बँकेचा खाते क्रमांक कितीही नीट टाकला तरी उपयोग नाही. आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं, तिथं बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही ते दिसतं. फॉर्म भरायच्या आधी हे पाहणं मी आता सक्तीचं केलंय. त्यासाठी ओटीपी पोराच्या आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, म्हणजे आपोआप पोराला फोन घेऊन यावं लागतं. दोन्ही कामं होतात.

कागदपत्रांचं तुम्हाला माहीतच आहे, त्यात फार जात नाही. नॉन-क्रीमीलेअर कुठल्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ते बघा, गेल्या वर्षीचं चालेल असं गृहीत धरू नका. ईडब्ल्यूएसचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करायला सांगा. पावतीवर तात्पुरतं निभतं, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर पोरगं खुल्या प्रवर्गात जातं आणि ज्या कॉलेजवर डोळा होता ते हातातून निसटतं. नावातला फरक हा आपल्या मुलखाचा कायमचा रोग : दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बापाचं नाव एकीकडे बाळू आणि दुसरीकडे बाळासाहेब. हे जूनमध्ये कळून उपयोग नाही. डिजिलॉकरमध्ये बोर्डाची मार्कलिस्ट मिळते आणि ती कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीची आहे. लॅमिनेशन केलेल्या मार्कलिस्टचा मोबाइलनं तिरपा फोटो काढून अपलोड करण्यापेक्षा ती बरी. लॅमिनेशनचे वीस रुपये बुडतात, हे मान्य.

कर्जाबद्दल थोडं, कारण हल्ली त्याची विचारणा वाढली आहे. विद्यालक्ष्मी पोर्टल २०१५ पासून आहे, पण ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रानं मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना ही वेगळी गोष्ट. त्यात तारण नाही, जामीनदार नाही, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी कुठली शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण सुरू असेपर्यंत आणि पुढं वर्षभर व्याजात ३ टक्के सवलत. पण ती फक्त ठरलेल्या दर्जेदार संस्थांसाठी. मंजुरीच्या वेळी देशभरातल्या ८६० संस्था होत्या आणि यादी दरवर्षी नव्यानं होते. आपल्या भागातली बरीच कॉलेजं त्यात नाहीत. म्हणून प्रत्येकाला ‘मोदींची योजना आहे, बिनतारणी मिळतं’ असं सांगून फॉर्म भरायला लावू नका. कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. नसलं तरी साध्या शैक्षणिक कर्जालाही साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही अशी हमी योजना आहे, आणि शाखेतला साहेब सातबारा मागायला लागला तर पोरानं हे शांतपणे सांगायला हवं. ते त्याला कोण सांगणार, हा परत आपलाच प्रश्न.

तुम्ही म्हणाल, हे सगळं सांगत बसलो तर दिवसाला चार फॉर्म होतील. बरोबर आहे. माझे दहा होतात, आधी तीस व्हायचे. दर वाढवावा लागला. ऑप्शन फॉर्मचे आधी २०० घेत होतो, आता ४०० घेतो, पण त्यात पोरगं स्वतः खुर्चीवर बसतं आणि मी शेजारी स्टुलावर. सुरुवातीला पालकांना वाटायचं, पैसे घेऊन काम पोराकडूनच करून घेतो, हा कसला धंदा. एक जण उठून समोरच्या दुकानात गेलाही. बाकीचे बसले. पोरं टायपिंगमध्ये हळू असतात, पण चुका आपल्यापेक्षा कमी करतात, कारण नाव त्यांचं स्वतःचं असतं. पासवर्ड त्यांनी ठेवायचा, तेव्हा मी मान फिरवून बसतो. विसरतात, हो. परत येतात. ‘फरगॉट पासवर्ड’चा ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो. मी त्याचे पैसे घेत नाही.

फोनच नसलेली पोरं अजून येतात, नाही असं नाही. त्यांच्यासाठी आईचा साधा फोन चालतो, मेसेज त्यावरही येतो. इंग्रजी मेसेज वाचता येत नसेल तर ‘मेसेज आला की फोन घेऊन या’ एवढं त्या माऊलीला सांगायचं. आत्तापर्यंत एकदाही असं झालं नाही, की आई आली नाही. दळणाची पिशवी खांद्याला, आणि हातात फोन धरून उभी. बहुतेक वेळा मेसेज रिचार्जचा असतो.

आता शेवटचं, आणि यासाठीच हे पत्र लिहिलं. त्या १४२ पोरांच्या प्रोफाइलवरचा माझा नंबर काढून त्यांचा टाकायचा, असं मी ठरवलं. वही घेऊन रोज दुपारी दोन-चार फोन करतो. कुणी पुण्यात, कुणी कोल्हापुरात, कुणी शिक्षण सोडून कंपनीत. एकाच्या अर्जाचा दुसरा हप्ता वर्षभर पडून होता, सीडिंग दुरुस्त केल्यावर आला. आतापर्यंत ९७ झाले. २६ जणांनी ‘येतो’ म्हणून सांगितलंय. उरलेल्या १९ जणांचे नंबर बंद लागतात, आणि फॉर्मवर त्यांचा दुसरा नंबर नाही, कारण तिथं माझाच आहे. गावाचं नाव आणि कॉलेज एवढंच हातात आहे. कॉलेजकडे विचारलं तर ते माहिती देत नाहीत, आणि देऊ नये हेच बरोबर.

त्या डाळिंबवाल्याच्या मुलीचं शेवटचं वर्ष आहे. तिचा नंबर सगळ्यात आधी बदलला.

तुमच्यापैकी कुणी आपल्या वहीतली अशी नावं शोधायला सुरुवात केली असेल, तर बंद फोनवाल्या पोरांपर्यंत कसं पोचलात ते कळवा. माझ्या १९ नावांपैकी सात जवळा आणि महूद या गावांकडची आहेत. येत्या रविवारी मी तिकडे जातोय.

आपला,
एक केंद्रचालक
सांगोला, जि. सोलापूर